देहधारणावर बोलताना या चुका टाळा

देहधारण म्हणजे देवाने येशूच्या रूपात माणसाचा देह घेणं. बायबल अभ्यासवर्ग घेतोय त्याला वीस वर्षं झाली. चुका त्याच येतात. मोबाइलवर दोन मिनिटांचं प्रवचन ऐकून आलेल्यांच्या तर जरा जास्तच ठाम असतात.

सगळ्यांत जुनाट चूक म्हणजे शरीर वाईट, आत्मा चांगला. एका दफनविधीला माझ्याच वर्गातला उत्साही मुलगा शवपेटीकडे हात करून म्हणाला, "हे नुसतं टरफल. खरे ते निघून गेले." गेलेल्यांची बायको हळूच म्हणाली, "दोन वर्षं याच टरफलाचे पाय चेपलेत मी." मान माझी खाली गेली, कारण शिकवणारा मीच. हा विचार प्लेटोच्या घरचा. योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो, 'शब्द देही झाला'; शब्द म्हणजे येशू. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने असाच घोळ घातला होता: सृष्टी घडवणारा देव हलका, येशूचा पिता निराळा आणि ख्रिस्ताचं शरीर निव्वळ भास. ल्योंचा बिशप इरेनियस त्याच्याविरुद्ध उभा राहिला तो याच मुद्द्यावर. ज्याने माती घडवली, तोच मातीच्या देहात आला. म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकात स्वतःच्या सृष्टीला दिलेलं 'फार चांगले' देवाने मागे घेतलेलं नाही.

शरीरच वाईट हे दाखवायला कुणी पौलाची 'देहाची कर्मे' ही पापांची यादी पुढे केली, की मी वाद घालत नाही. गलतीकरांस पत्राचा 5वा अध्याय उघडून यादी मोठ्याने वाचायला लावतो. वैर, कलह, मत्सर, हेवा. यात हातापायांचा काय दोष?

दुसरी चूक: सृष्टी बिघडली म्हणून देवाने नाइलाजाने केलेली डागडुजी म्हणजे देहधारण. चौथ्या शतकातला बिशप अथानासियस सुरुवात करतो ती देवाच्या चांगुलपणापासून. जो चांगला, तो कुणाला अस्तित्व द्यायला हात आखडत नाही; म्हणून सृष्टी झाली. तीच नासत असताना नुसतं बघत बसणं त्या चांगुलपणाला शोभलं नसतं. म्हणून तिला सावरायला तोच शब्द आला, ज्याच्याकरवी ती झाली होती. मध्ययुगातला धर्मपंडित डन्स स्कॉटस तर म्हणतो, पाप झालं नसतं तरी तो आला असता. माझा कल तिकडेच आहे, पण नवशिक्यांनी थेट स्कॉटसवर उडी मारू नये. आधी अथानासियस पचवा.

'अर्धा देव, अर्धा माणूस' तर म्हणूच नका; 451 मध्ये खाल्सेदोनच्या चर्च परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, असं ठरवलंय.

'अवतार' म्हणायचं तर म्हणा, पण काम झाल्यावर येशूने देह टाकून दिला, असं ऐकणाऱ्याला वाटू देऊ नका. नाताळच्या प्रवचनाआधी मी लूकचा 24वा अध्याय वाचतो. पुनरुत्थित येशू तिथे खायला मागतो आणि भाजलेला मासा खातो. नाताळला ईस्टरचा अध्याय कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच.