समोरची बोट टक्कर देणार का, हे कसं ओळखाल?
जवळ येणारी बोट तुमच्यापासून कोणत्या दिशेला आहे, हे होकायंत्रावर थोड्या-थोड्या वेळाने पाहा. अंतर घटतंय पण दिशा बदलत नाही, म्हणजे टकरीचा धोका आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनाच्या दोन बोटींचे मार्ग छेदत असतील, तर जिच्या उजवीकडे दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची, शक्यतो मागून जाऊन. रात्री उजवीकडच्या बोटीचा लाल दिवा दिसला, तर वाट तुम्हीच द्यायची.

वळण लवकर आणि ठळक घ्या. पाच-पाच अंशांनी सुकाणू हलवलं तर समोरच्याला तुमचा इरादाच कळत नाही. उजवीकडे वळताना भोंगा एकदा, सुमारे १ सेकंद वाजवा. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.

समोरचा वाट देत नसेल, तर हक्क धरून बसू नका. मात्र डावीकडून येणाऱ्या बोटीला चुकवायला शक्यतो डावीकडे वळू नका. तीही ऐनवेळी उजवीकडे वळली, तर दोघी एकमेकींवरच जातात.