लिनक्सवर येताय ना, मग सुरुवात प्रेसपासून करा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आपल्या इलस्ट्रेशनवाल्या मंडळींचा एकच प्रश्न चालू आहे, मशीन ठणठणीत आहे पण विंडोज ११ घेत नाही, कुणाकडे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुणाचा इंटेल प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा, मग लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर, येऊ का. या, बिनधास्त या. मी बरीच वर्षं इथेच काम करतेय, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, लहान मुलांची पुस्तकं, मंडळांचे बॅनर, सगळं इथूनच जातं. फक्त "फोटोशॉपच्या जागी काय" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी हे बघा की तुमचं काम शेवटी कुणाच्या हातात पडतं आणि तो माणूस फाइल कशात मागतो. तिथून उलटं मागे येत या, म्हणजे कुठलं ॲप लागणार हे आपोआप कळतं.

सोशल मीडियासाठी किंवा वेबसाठी काम करत असाल तर काही प्रश्नच नाही, पीएनजी दिली की झालं. अंधेरी-लोअर परळच्या एजन्सीजना लेयरवाली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, लागते आणि त्यांचा आर्टिस्ट पुढे त्याच फाइलवर काम करतो, तिथे मात्र स्पष्ट सांगते, क्रिता हे चित्रं रंगवायचं ॲप पीएसडी उघडतं आणि सेव्हही करतं, साधे लेयर नि ब्लेंड मोड नीट जातात, पण टेक्स्ट लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट असलं काही तसंच्या तसं एडिट होत राहील असं धरून चालू नका. अडोबीचे ॲप लिनक्ससाठी येत नाहीत, क्लिप स्टुडिओ पेंटही नाही. वाइनवर, म्हणजे विंडोजचे ॲप लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काही जण चालवतात, पण उद्या सकाळी डिलिव्हरी असेल तर त्या भरवशावर बसू नये. घर एजन्सीच्या कामावरच चालत असेल तर एक विंडोज मशीन ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रेस, कारण खरं अडतं ते इथे. फ्लेक्सवाले सरसकट कोरलड्रॉची सीडीआर फाइल मागतात. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं ॲप सीडीआर उघडू शकतं पण सीडीआर सेव्ह करत नाही, म्हणून काम घेतानाच विचारा, "दादा, पीडीएफ चालेल ना, फॉन्ट कर्व्ह करून देते." कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवणं. बहुतेक वेळा चालतं, सवयीने मागतात ते. साइज आणि ब्लीड (कागद कापण्यासाठी कडेला सोडलेलं जादा चित्र) मात्र त्यांच्याकडून लिहून घ्या, तोंडी नको. ऑफसेटवाले सीएमवायके (छपाईच्या निळी, किरमिजी, पिवळी, काळी या चार शाईंची) पीडीएफ मागतात आणि त्यासाठी स्क्रायबस हे पानं लावायचं ॲप शिकावंच लागतं, त्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. क्रितामध्ये सीएमवायके आहे, पण इंकस्केपमधून निघालेलं काम आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, असतं, आणि तिथे काळा रंग घात करतो. स्क्रीनवर काळं ते काळंच दिसतं, पण आरजीबीचा काळा कलर प्रोफाइलमधून सीएमवायकेत गेला की चारही शाईंचा मिळून बनतो, मग छपाईत रजिस्ट्रेशन (चारही शाई एकमेकींवर नेमक्या बसणं) केसभर जरी हललं तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात आणि रेषा जाड दिसते. उपाय सोपा आहे. इंकस्केपची एसव्हीजी फाइल स्क्रायबसमध्ये आणली की तिच्यातले रंग कलर लिस्टमध्ये फ्रॉमएसव्हीजी अशा नावाने येऊन बसतात, त्यातला काळा उघडा, मोड सीएमवायके करा, पहिले तीन शून्य आणि के (काळा) १००, बस्स. ती एक नोंद बदलली की त्या रंगाच्या सगळ्या रेषा एकदम बदलतात. पीडीएफ एक्सपोर्ट करायच्या आधी प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये एकेक प्लेट (एका शाईचा थर) चालू-बंद करून बघा, अक्षरं फक्त काळ्याच्या प्लेटवर दिसली पाहिजेत. पहिल्या कामाला प्रूफ (तपासायला छापलेला नमुना) मागा, पैसे जास्त पडले तरी.

देवनागरीचं बोलायलाच हवं कारण आपलं अर्धं काम तेच. चित्रात मजकूर क्रितामध्ये टाकण्यापेक्षा चित्र तिथे करा आणि अक्षरं इंकस्केप किंवा स्क्रायबसमध्ये बसवा. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं, रफार, सगळं नीट लागतं, आणि स्क्रायबसमध्येही, पण १.६ किंवा त्यापुढचं घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी तुटते. संपादकांकडून मजकूर अजूनही कधीकधी श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये येतो, तो उघडलात की गिचमिड दिसणार, घाबरू नका, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, पण त्यानंतर मूळ पीडीएफ शेजारी ठेवून एकदा तरी वाचा, ऱ्य आणि ऱ्ह हमखास बिघडतात.

फॉन्टची चैन आहे खरं तर. आपल्या मुंबईच्याच एक टाइपचे मुक्त आणि बालू मोफत आहेत आणि छापायला सुंदर, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा नि यशोवेणु खास मराठीसाठी काढलेत. फॉन्ट ठरवण्याआधी ल आणि श टाइप करून बघा. कित्येक फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे ल-श आत असतात पण मजकुराची भाषा मराठी आहे हे ॲपला कळल्याशिवाय बाहेर येत नाहीत, आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात हिंदी वळणाचा ल आला तर मराठी वाचकाला लगेच खटकतो.

टॅबलेटचं टेन्शन लोक उगाच जास्त घेतात. वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो, केबल लावली की पेन चालू, फक्त वॅकॉमचं नेहमीचं सेटिंग पॅनल मिळत नाही, ते सगळं सिस्टम सेटिंग्जमध्ये असतं. ह्युऑन आणि एक्सपी-पेनचे लिनक्स ड्रायव्हर त्यांच्या साइटवर मिळतात, ते नाही जमले तर ओपनटॅबलेटड्रायव्हर बघा. यासाठीच मी नवीन माणसाला केडीई हा डेस्कटॉप असलेलं लिनक्स घ्यायला सांगते, कुबुंटू घ्या नाहीतर फेडोरा केडीई, केडीईच्या प्लाझ्मा ६.२ पासून पेनचं प्रेशर, टॅबलेटचा एरिया, कॅलिब्रेशन सगळं तिथेच लावता येतं. जुन्या ट्युटोरियलमध्ये एक्ससेटवॅकॉमच्या कमांड दिसतील, त्या वेलँडवर, म्हणजे आताच्या लिनक्सच्या स्क्रीन-व्यवस्थेवर, चालत नाहीत, त्यात संध्याकाळ घालवू नका. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड टॅबलेट घ्यायला जाणार असाल तर लॅपटॉप आणि लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेन ड्राइव्ह सोबत न्या, काउंटरवरच लावा, हलका-जड हात फिरवून बघा, पेनची दोन्ही बटणं दाबून बघा, मगच पैसे द्या.

क्रितामध्ये बसल्यावर पहिला आठवडा हात अडखळतो. सेटिंगमध्ये फोटोशॉप आणि क्लिप स्टुडिओसारखे शॉर्टकट निवडता येतात, सुरुवातीला घ्या, पण पेंटिंग मात्र क्रिताच्या पद्धतीने शिका. ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो, म्हणजे ज्या टेक्स्चरने रंगवलं त्याच टेक्स्चरने खोडता येतं, एम दाबलं की कॅनव्हास आरशासारखा उलटतो आणि चेहऱ्यातला तिरकेपणा लगेच दिसतो, लाइनआर्ट भरायला कलराइझ मास्क आहे, नुसते रंगाचे चार फटकारे मारले की भाग आपोआप भरतात, कॉमिकवाल्यांचे तास वाचतात. तुमचे फोटोशॉपचे जुने एबीआर ब्रश आणाल तर फक्त ब्रशचा ठसा येईल, बाकी सेटिंग परत लावावं लागेल, म्हणून रोज लागणारे तेवढेच आणा. फोटोकामाला गिंप ३, थ्रीडीला ब्लेंडर, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

कधी यायचं? जुलै ते दसरा अजिबात नको, गणपतीचे बॅनर आणि दिवाळी अंक एकाच वेळी डोक्यावर असतात. दिवाळी झाली की या. तोपर्यंत विंडोजवरच क्रिता, इंकस्केप आणि स्क्रायबस टाकून एखादं छोटं काम, समजा लग्नाची पत्रिका, पार प्रेसपर्यंत नेऊन बघा, तिन्ही ॲप तिकडेही चालतात आणि मोफत आहेत. जुन्या पीएसडी आहेत त्या तशाच राहू द्या, पण महत्त्वाच्या कामांची एक सपाट (लेयर नसलेली) टिफ फाइल सोबत काढून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी संपादकाने दुसऱ्या आवृत्तीसाठी चित्र मागितलं तर कुणाच्या दारात जायला नको.

आणि प्रेसला न्यायचा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्येच फॉर्मॅट करा, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये नको, त्यांच्या विंडोज मशीनवर तो उघडत नाही आणि मग संध्याकाळच्या गर्दीत फाइल आणायला परत घरी जावं लागतं.