ट्रॅक डेची तयारी: ब्रेकच्या बाबतीत या चुका टाळा

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, ताशी १६० किलोमीटर वेगाने येणारी १,४०० किलो वजनाची गाडी वळणाआधी ८० वर आणली, तर वेग निम्माच कमी होतो, पण गतिज ऊर्जेचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. हा भाग दहा लाख ज्यूलपेक्षा थोडा अधिक, म्हणजे तीन लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापवता येईल एवढा असतो. हवेचा आणि इंजिनाचा विरोध वगळला, तरी त्यातली बरीचशी उष्णता काही सेकंदांत चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला आवळणारे पॅड यांच्यात शिरते, आणि ती पुरती बाहेर पडण्याआधी पुढचे वळण आलेले असते. रस्त्यावर वर्षानुवर्षे कुरकुर न करणारे ब्रेक ट्रॅकवर काही फेऱ्यांतच हात टेकतात, ते यामुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोष कुठे आहे हे न ओळखता सुटे भाग विकत घेणे. ‘ब्रेक फेड झाले’, म्हणजे तापून निकामी झाले, असे सरसकट म्हटले जाते; परंतु त्यात दोन वेगळे बिघाड असतात आणि ते पायाला वेगवेगळे जाणवतात. पेडल मऊ पडले, नेहमीपेक्षा खाली गेले आणि दोन-तीनदा दाबल्यावर थोडे वर आले, तर ब्रेक ऑइल उकळले आहे असे समजावे; द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीपर्यंत) पोहोचण्याऐवजी बुडबुड्यांतच जिरतो. याउलट पेडल जागच्या जागी घट्ट लागत असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड आपल्या तापमानमर्यादेबाहेर गेलेले असतात. पहिल्या बिघाडावर केवळ पॅड बदलून किंवा दुसऱ्यावर केवळ ऑइल बदलून प्रश्न सुटत नाही.

ऑइलकडे होणारे दुर्लक्ष मला अधिक गंभीर वाटते, कारण तिथे पेडल अचानक तळाला जाऊ शकते. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मानकानुसार ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरल्यानंतरचा किमान १५५, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणजे बाटलीवरचा मोठा आकडा फक्त ताज्या ऑइलचा असतो, आणि पाणी मुरलेले डॉट ५.१ ताज्या डॉट ४ पेक्षा दुबळे ठरू शकते. अर्धी वापरून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली म्हणूनच टाकून द्यावी. डॉट ५ हे नाव जवळचे वाटले, तरी ते सिलिकॉनचे असते; ते या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये.

ऑइल बदलताना घाई नडते. कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढण्याच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक ताज्या ऑइलमध्ये बुडवावे, म्हणजे आधी चहासारखे गढूळ, मग बारीक बुडबुड्यांचे आणि शेवटी स्वच्छ ऑइल येताना डोळ्यांना दिसते. पेडल दाबणाऱ्या सोबत्याने ते सोडण्यापूर्वी निपल बंद झालेच पाहिजे. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाची, सील त्याच्या न वापरलेल्या, खडबडीत भागावर घासून फाटू शकते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते. टाकीतली पातळी खाली जाऊन एबीएसमध्ये (चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली, तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो.

पॅडच्या बाबतीत नवे पॅड बसवून थेट पहिल्याच फेरीत जोर लावणे ही नेहमीची चूक आहे. नव्या पॅडमधली राळ तापून वायू सोडते आणि पकड एकाएकी जाते. आधी उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने, साधारणपणे मोकळ्या जागी आठ-दहा वेळा जोरदार वेग कमी करून, पण गाडी पूर्ण न थांबवता, पॅड डिस्कवर बसवून घ्यावेत आणि मग ब्रेक न लावता काही मिनिटे चालवून थंड करावेत. त्याने डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एकसारखा थर बसतो. स्टिअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेकदा तो थर विषम बसलेला असतो, आणि तापलेल्या पॅडनी डिस्क एका जागी आवळून धरली की हेच घडते. त्यामुळे शेवटची फेरी ब्रेक जेमतेम वापरत घ्यावी, आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडथळा लावावा.

मोठे कॅलिपर हा मोहाचा विषय आहे. मूळ ब्रेक चाके लॉक करू शकत असतील, तर एका थांब्यातले अंतर टायरची पकड ठरवते. मोठी डिस्क फक्त उष्णता अधिक वेळ सोसते. पॅड दाबणाऱ्या पिस्टनचे क्षेत्रफळ न जुळवता कॅलिपर बदलले, तर पेडल जास्त खाली जाते आणि पुढच्या-मागच्या चाकांतला तोल बिघडतो. त्याऐवजी ताजे ऑइल, ट्रॅकचे पॅड आणि ब्रेकवर वारा आणणारी हवेची नळी यांनी आधी सुरुवात करावी. ती नळी डिस्कच्या मध्याकडे वळवावी, कारण व्हेंटिलेटेड (आतून पोकळ) डिस्क हवा मधून खेचून कडेने फेकते. एकाच पृष्ठावर मारा केला, तर दोन बाजू वेगवेगळ्या तापतात. छिद्रे पाडलेल्या डिस्कला छिद्रांपासूनच तडे जाऊ लागतात. खाचांच्या डिस्कमध्ये हा धोका कमी असतो.

प्रत्येक सत्रानंतर चाकाच्या आऱ्यांतून आत पाहावे. पॅड निम्म्याहून अधिक झिजला असेल, तर रस्त्यावर चालणारा तो पॅड ट्रॅकवर चालवू नये, कारण पातळ पॅड उष्णता पिस्टनमार्गे ऑइलपर्यंत लवकर पोहोचवतो. डिस्कवरच्या केसासारख्या रेषा चालतात. नख अडकेल असा किंवा कडेपर्यंत गेलेला तडा दिसला, तर ती डिस्क त्याच दिवशी काढावी. पॅड तिरका झिजत असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन आधी तपासाव्यात. मागचे पॅड अनपेक्षित लवकर संपत असतील, तर वळणात गाडी घसरू न देणारी स्थैर्यप्रणाली मागची चाके परस्पर आवळत असण्याची शक्यता असते. वळणानंतरच्या पहिल्याच ब्रेकला पेडल लांब जात असेल आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर नेहमीसारखे लागत असेल, तर चाकाच्या बेअरिंगमधली ढिलाई पाहावी. त्या ढिलाईमुळे डिस्क हलून पिस्टन मागे ढकलते. बेअरिंग बदलेपर्यंत सत्रे थांबवावीत.