जुन्या इमारतीतलं घर नवं करताय? या चुका टाळा

मुंबईत गिरगाव, ठाकुरद्वार, दादरची हिंदू कॉलनी या भागांतली घरं बघायला मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा नकाशा आधीच तयार असतो. मधली भिंत काढून ओपन किचन, मागची मोरी बंद करून बेडरूमला लागून नवं बाथरूम. खालच्या मजल्यावरच्यांना मात्र कोणी विचारलेलं नसतं. मी आधी त्यांच्याकडे जातो आणि त्यांचं छत बघतो. आपली जमीन कशावर उभी आहे, ते तिथूनच कळतं.

सगळ्यात महागात पडते ती संडास-बाथरूमची जागा बदलण्याची चूक. जुन्या इमारतींत मोरी आणि संडास मागच्या बाजूला, एकाखाली एक, हाऊस गल्लीला, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद सांडपाण्याच्या बोळाला, लागून असतात. मैलापाण्याचा उभा पाइप तिथेच असतो. तुम्ही कमोड बारा फूट आत आणलात की चार फुटांना साधारण एक इंच उतार धरून तीन इंच तिथेच गेले. त्यावर चार इंची पाइप, मग लादी. ही उंची भरायला मिस्त्री विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास 200 किलो होतं, आणि इथे तर आठ इंच भरावा लागतो. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून जे वजन हिशेबात धरतात, तेही चौरस मीटरला 200 किलोच असतं. म्हणजे अजून कोणी राहायला आलेलं नसताना जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळयांवर त्याच्या दुप्पट ओझं पडलेलं असतं.

त्यात पाणी मुरलं तर विचारूच नका. ठाकुरद्वारच्या एका घरात मी खालून छताची फळी काढायला लावली. तुळई सागवानी, मधोमध ठोकली तर खणखणीत वाजत होती. पण जिथे तिचं टोक भिंतीत शिरत होतं तिथे स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळा, ओला भुसा चिकटला होता. वरच्या घरात दोन वर्षांपूर्वीच महागड्या टाइल्स बसवल्या होत्या, आणि लादीच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी रोज त्या टोकापाशी जमत होतं.

म्हणून बाथरूम आहे तिथेच ठेवा. जुने थर फळीपर्यंत काढा आणि प्रत्येक तुळईचं टोक तपासा. कुजलेलं टोक कापून नवं सागवान जोडता येतं किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने आवळता येतात. ते काम स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या डिझाइननेच करा. वरून जाड कोब्याऐवजी सिमेंट बोर्ड आणि वॉटरप्रूफिंगचा पातळ थर द्या. खर्च थोडा वाढेल, पण खालच्यांच्या डोक्यावर पाणी पडणार नाही.

भिंत पाडायची असेल तर ‘ही नुसती पार्टिशन आहे’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकून विश्वास ठेवू नका. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत विटा भराव्याच्या असतात आणि वजन गिलाव्याआड दडलेल्या खांबावर असतं. छताजवळ हातभर गिलावा उकलून तुळया कोणत्या दिशेने गेल्यात ते बघा, आणि वरच्या घरात त्याच जागी काय उभं आहे तेही बघून या.

ओलीच्या बाबतीत सुरुवातीच्या काळात मी स्वतः चुकलो. माझगावच्या एका घरात चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला आणि वर ऑइल पेंट दिला. पुढच्या पावसाळ्यात फुगे आले, पांढरा क्षार फुटला, आणि ओल पूर्वी कमरेएवढी होती ती खांद्यापर्यंत चढली. चुना ओल सोडतो, सिमेंट ती भिंतीत कोंडतं. ते सगळं उखडून पुन्हा चुना लावावा लागला, आणि घरमालकिणीचा चेहरा मला अजून आठवतो. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री शोधायला वेळ लागतो, तो वेळ द्या.

फॉल्स सीलिंगने दारावरचे झरोके बुजवू नका. गळतीही त्याच्याआड लपते. झडपांच्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवल्या तर उघडते अर्धीच खिडकी.

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची गोष्ट निराळी आहे. त्या आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या आहेत, तिथे गंजलेल्या सळया आणि सुटणारं काँक्रीट आधी बघायचं. त्यांतल्या बऱ्याच इमारती 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या परिसरात येतात. इमारत हेरिटेज श्रेणीत असेल तर बाल्कनी बंद करण्याआधी किंवा एसीचं युनिट दर्शनी छज्ज्यावर टांगण्याआधी महापालिकेत चौकशी करा.

पागडीचं, म्हणजे एकरकमी पागडी देऊन जुन्या भाड्याने घेतलेलं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे घर खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी यांना कायदा पक्कं बांधकाम मानत नाही, मात्र लागेल तिथे महापालिकेची परवानगी हवीच.

आणि घाई नसेल तर एक पावसाळा थांबा. जुलैत भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीने आखा, बाजूला तारीख लिहा. सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी नवी रेघ ओढा. मग त्या रेघा दाखवूनच मिस्त्रीशी बोला.