डिझेल पेट्रोलपेक्षा जास्त का महागलं, हे कसं ओळखायचं
आधी टॅक्स बाजूला काढा, नाहीतर सगळा हिशोबच चुकतो. मग कच्च्या तेलाचा भाव आणि रिफायनरीतून निघतानाचा डिझेलचा भाव यातला फरक बघा, पेट्रोलचाही तसाच बघा, आणि डिझेलचाच फरक वाढला असेल तर कारण कच्चं तेल नाही, दुसरंच काहीतरी आहे. थंडी आहे का? घरं गरम करायचं तेल, विमानाचं इंधन आणि डिझेल कच्च्या तेलाच्या जवळपास एकाच भागातून निघतात, एकाची मागणी वाढली की बाकीच्यांना ओढ बसते. आणि नॅचरल गॅसचा भाव बघाच बघा, बरेच जण हे विसरतात! डिझेलमधलं सल्फर काढायला हायड्रोजन लागतो, तो बहुतांशी नॅचरल गॅसपासूनच बनतो, २०२२ मध्ये युरोपात गॅसचा भाव भडकला तेव्हा डिझेल बनवायचा खर्चही वाढला.