व्हॉल्यूम रेंडरिंग शिकायचंय? आधी कार्ड नको घेऊ

इंदूरच्या इंजिनीयरिंगच्या पोरांचा हमखास प्रश्न, "दादा, व्हॉल्यूम रेंडरिंग करायचंय, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" व्हॉल्यूम रेंडरिंग म्हणजे सीटी स्कॅनसारख्या 3डी डेटातून आतलं दाखवणारं चित्र काढणं. अरे भिया, आधी कोड तर लिही! मी शिकलो ते लॅपटॉपमधल्या 4 जीबीच्या कार्डावर, अजूनही बरंच काम त्यावरच निघतं.

हिशोब बघ. फुल एचडी स्क्रीनवर 20 लाखांच्या वर पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलमागे एक रे (किरण) डेटात सोडायचा आणि त्यावर समजा 500 ठिकाणी डेटा वाचायचा, म्हणजे 500 सॅम्पल घ्यायचे, म्हणजे एका फ्रेमला 100 कोटी, वर प्रत्येक सॅम्पलला आजूबाजूचे 8 व्होक्सेल (3डी डेटातले पिक्सेलच) वाचून मधली व्हॅल्यू काढायची, सीपीयू इथेच आडवा पडतो. जीपीयूत, म्हणजे कार्डावरच्या चिपमध्ये, हे 8 व्होक्सेलचं गणित टेक्श्चर युनिट परस्पर उरकतं, डेटा फक्त 3डी टेक्श्चर म्हणून चढवायचा, ओपनजीएल या ग्राफिक्सच्या लायब्ररीमध्ये ही सोय 1998 पासून आहे.

तरी पहिला रेंडरर सीपीयूवरच लिही, साधे लूप, फ्रेमला मिनिट लागलं तरी लागू दे. शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) चुकला की स्क्रीन काळी, बस्स, कुठे चुकलं ते कोण सांगणार? सीपीयूचं चित्र शेजारी असलं की ताडून बघता येतं. डेटाला स्टॅनफर्डचं सीटी हेड, म्हणजे डोक्याचा सीटी स्कॅन घे, 256 बाय 256 च्या 113 स्लाइस, जेमतेम 15 एमबी.

आता मुद्द्याचं. वेग येतो तो काम टाळल्यामुळे. पुढून मागे जात ओपॅसिटी (अपारदर्शकता, 0 ते 1) जमवायची, 0.95 झाली की रे थांबवायचा, मागचं तसंही दिसणार नाही. दुसरं म्हणजे डोक्याभोवती नुसती हवा असते, तिथे सॅम्पल कशाला घ्यायचे, 8 बाय 8 बाय 8 चे ब्लॉक पाडून प्रत्येकाची मिनिमम-मॅक्सिमम व्हॅल्यू आधीच काढून ठेव, ट्रान्सफर फंक्शनने (कुठल्या व्हॅल्यूला कुठला रंग आणि किती ओपॅसिटी ते हे ठरवतं) अख्खा ब्लॉक पारदर्शक ठरला की सरळ उडी. क्रूगर आणि वेस्टरमन या संशोधकांनी 2003 मध्ये हे दोन्ही जीपीयूवर करून दाखवलं, तेव्हा शेडरमध्ये धड लूपसुद्धा नव्हता, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत पासवर पास मारायचे बिचारे. मात्र सगळंच धुक्यासारखं अर्धपारदर्शक ठेवलंस तर यातलं फारसं काही कामी येत नाही, हाडं दाखवताना खरी मजा.

स्टेप, म्हणजे दोन सॅम्पलमधलं अंतर, दुप्पट केली की सॅम्पल निम्मे, पण चित्र फिकं पडतं आणि कपाळावर लाकडाच्या फळीसारखी वलयं उमटतात. फिकेपणाला ओपॅसिटी स्टेपच्या हिशोबाने सुधारून घे, नवीन अल्फा (एका सॅम्पलची ओपॅसिटी) म्हणजे 1 वजा (1 वजा जुना अल्फा) चा घात, इथे घात 2. वलयांना प्रत्येक रेची सुरुवात थोडी रँडम सरकव, मग बारीक खरखर उरते, ती डोळ्यांना चालते.

आपल्या इंदूरच्या कॅटमध्ये (आता आरआरकॅट, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे इमेजिंगची बीमलाइन आहे, मायक्रो-सीटी (बारीक वस्तूंचं सीटी) होतं तिथे, तेव्हा हे फक्त डॉक्टरांपुरतं आहे असं समजू नको.

इंटरव्ह्यूला फिरती कवटी सगळेच दाखवतात. तू स्किपिंग (रिकाम्या ब्लॉकवरून उडी) चालू-बंद करायचं बटण ठेव, बाजूला फ्रेमला लागलेले मिलिसेकंद दाखव, आणि मोजताना व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद कर, नाहीतर 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर काहीही केलंस तरी आकडा सेकंदाला 60 फ्रेमच्या वर हलणार नाही.