घरी संकट, मूल परदेशात: या चुका टाळा

एप्रिल 2021. मुलुंडला बाबा ऑक्सिजनवर होते आणि मी अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या सत्रात. आईने बारा दिवस मला काही कळू दिलं नाही. "परीक्षा तोंडावर आलीय, त्याच्या जिवाला घोर कशाला?" कळलं तोवर फीच्या हप्त्याची तारीख उलटून गेली होती. आता ओळखीच्या घरांतून असे फोन मला येतात, तेव्हा सुरुवात बहुतेक इथूनच झालेली असते. घरचे मुलापासून लपवतात आणि मूल विद्यापीठापासून.

ज्या आठवड्यात कळेल त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लिहा. अनेक विद्यापीठांकडे आपत्कालीन निधी असतो. त्यातून अख्खी फी निघेल अशी आशा धरू नका. भाडं, किराणा, घरी यायचं तिकीट एवढं भागतं. फीची मुदत मात्र वाढवून मिळू शकते, पण ती तारखेच्या आधी मागावी लागते. "फार अडचणीत आहे" एवढ्यावर थांबू नका. काय झालं, कधी झालं, खर्च कोण करत होतं, पैसे किती कमी पडतात आणि कधीपर्यंत, हे सगळं लिहा. सोबत रुग्णालयाचं बिल किंवा नोकरी गेल्याचं पत्र जोडा. पुराचा तलाठ्याचा पंचनामा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पैसे वाचवायला परस्पर विषय सोडणं. अमेरिकेच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पैशांची तंगी हे विषय कमी करण्याचं मान्य कारण नाही. विषय सोडला की व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. तब्येत ढासळली असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर सवलत मिळू शकते, पण तीही आधी परवानगी घेऊनच.

रोखीतलं लपूनछपून काम तर नकोच. घरचा आधार अचानक तुटला तर एफ-1वर कॅम्पसबाहेर कामाची परवानगी मागता येते. त्यासाठी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं, कार्यालयाची शिफारस आणि आय-765 हा कामाच्या परवानगीचा अर्ज लागतो, आणि सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते. परवानगीचं कार्ड हातात आल्याशिवाय कामाला लागू नका. माझं वर्ष तेव्हा पूर्ण व्हायचं होतं, त्यामुळे मला अर्जच करता आला नाही.

ब्रिटनमधली मुलं विद्यापीठाचा हार्डशिप फंड, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी, मागायला घाबरतात. व्हिसावर 'सरकारी निधी घेता येणार नाही' अशी अट असते ना! विद्यापीठाचा स्वतःचा फंड त्या अटीत येत नाही. बिनधास्त अर्ज करा.

आणि इकडची बँक. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतील आणि त्यांचंच उत्पन्न थांबलं असेल, तर पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकबाकी 90 दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं, मग बोलणी फार अवघड होतात. कर्जासोबत विमा काढला होता का, तेही त्याच भेटीत विचारा. आमच्याकडे तो होता. कागद आईच्या कपाटात होता आणि आम्हाला कुणालाच त्याची आठवण नव्हती.